मागच्या रांगेतल्या बाटल्या

आई बाटलीवर औषधाचं नाव लिहीत नसे, ज्याच्यासाठी ते केलं त्याचं लिहीत असे. तेही कागदोपत्री असलेलं नाव नव्हे, तिच्या तोंडी जे असेल ते. ‘शिंपीण’, ‘वरची’, ‘टपालवाला’, ‘धाकटी’. धाकटी म्हणजे मी. बाबांच्या बाटल्यांवर ‘ह्यांचं’ असे. एवढा संसार झाला तरी बाटलीवरसुद्धा आपलं नाव लागत नाही, अशी तक्रार बाबा आल्यागेल्यासमोर करत. त्यावर आई म्हणे, नाव लिहिलं तर कुणीही उचलेल, ‘ह्यांचं’ कोण उचलणार?

ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिथे दिवसभर प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहायचं, कारण चूक झाली तर पोरं भाजायची. घरी आल्यावर तिने तो नियम उलटा केला होता. आत काय आहे ते माझ्या डोक्यात आहे, कुणाची आहे ते विसरायला नको, असं तिचं म्हणणं.

ती अर्क करायची. आल्याच्या पातळ चकत्या रात्रभर पंख्याखाली सुकवायच्या. लवंगा नुसत्या ठेचायच्या, त्यांची पूड होऊ द्यायची नाही. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग खरवडून काढायचा, नाहीतर कडूजहर होतं. हे रुंद तोंडाच्या बरणीत भरून वर कडक, बिनरंगी दारू ओतायची, सगळं बुडून वर दोन बोटं राहील इतकी, कारण उघडी राहिलेली चकती कुजते. मग बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि येता-जाता हलवायची. काही आठवड्यांनी जुन्या अभ्र्याच्या कापडातून गाळायचं, पिळायचं आणि तपकिरी बाटल्यांत भरायचं. घ्यायचं ते थेंबांनी, पाण्यातून. आईने स्वतः कधी घोटभर दारू घेतली नाही, पण कोपऱ्यावरचा दारूवाला तिला लांबूनच विचारी, ‘ताई, नेहमीचंच ना?’ ती बाकीच्या गिऱ्हाइकांकडे न बघता पिशवी पुढे करी.

ह्यात काही चमत्कार आहे असं तिला वाटत नसे. ताप आला तर डॉक्टर, खोकला रेंगाळला तर बरणी, अशी तिने वाटणी करून टाकली होती.

आई थंडीच्या तोंडाशी गेली. मी रजा टाकून आले आणि रजा संपल्यावरही राहिले, मुद्रितं तपासायचं काम कुठे बसूनही करता येतं. दादाने फोनवर सांगितलं की बाबांकडे लक्ष दे आणि स्वयंपाकघरातलं ते दारूचं दुकान एकदाचं आवर. दादा फोनवर बोलतो तेव्हासुद्धा त्याचा एक हात कमरेवर आहे हे कळतं.

दुकान आपोआपच आवरत गेलं. माणसं आपापली बाटली न्यायला येऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या बाई दोन न्यायला आल्या आणि एकच घेऊन गेल्या, दुसरी माझ्यासाठी ठेव म्हणाल्या, जणू त्या परत येईपर्यंत आईही येणार होती. टपालवाल्याने आपली बाटली दारातच उघडून हुंगली. ही संपल्यावर काय, हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता, तो त्याने गिळला आणि मला एक पाकीट देऊन निघून गेला. पाकीट विजेच्या बिलाचं होतं.

शेवटी कपाटात राहिल्या त्या ‘ह्यांचं’ लिहिलेल्या बाटल्या. त्या खालच्या फळीवर होत्या, पुढे एक रांग आणि मागे एक. पुढची रांग गळ्यापर्यंत भरलेली होती. मी पुढची रांग पाहिली आणि दार लावलं. त्या कपाटात जास्त वेळ डोकं घालून उभं राहणं मला जमत नव्हतं.

बाबा कुलूपवाले. आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. भिंतभर लोखंडी आकड्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, एक घासायचं यंत्र, कुलूप घट्ट पकडून ठेवणारा एक शेगडा, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्यावर गिऱ्हाइकापेक्षा कुलुपंच जास्त बसलेली असतात. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून दीड-दोन वर्षांपासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. गोळीचं गणित नाजूक असतं. रक्त फार दाट झालं तर गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव. त्यासाठी अधूनमधून तपासणी करून आकडा बघावा लागतो, आकडा जितका वर तितकं रक्त पातळ. आई असेपर्यंत तो आकडा शिस्तीत होता.

एका सकाळी किल्ली घासताना बाबांच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना. गिऱ्हाइकानेच त्यांना घरात आणून बसवलं आणि स्वतःचा रुमाल त्यांच्याकडेच राहू दिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, पुन्हा एकदा तपासायला लावला आणि चष्मा काढून बाबांकडे वळल्या.

“घरात पाय घसरून पडलात, डोक्याला नुसतं टेंगूळ आलं, तरी आत रक्त साचत राहील. तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. नवीन काही सुरू केलंय का? गोळी, काढा, काहीही?”

नवीन काहीच नाही, असं बाबांनी सांगितलं. आईच्या बाटल्या मला आठवल्या, पण पुढची रांग मी भरलेली पाहिली होती. म्हणजे ते घेत नव्हते. मी गप्प बसले. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी कमी केली.

पुढच्या तपासणीत आकडा उतरायला हवा होता, तो तिथेच होता. बाबांच्या उजव्या हातावर कोपराखाली वांग्याच्या रंगाचा डाग उमटला. ते म्हणाले, शेगड्याचा दांडा लागला. कुलूपवाल्याच्या हाताला काही ना काही लागतंच, त्यामुळे ह्यावर वाद घालता येत नव्हता. मला मात्र आता झोपेतही त्यांची चाहूल घ्यायची सवय लागली. ते न्हाणीघरात गेले की दाराबाहेर काहीतरी काम काढून मी उभी राहायची. आई अशी अचानक गेली, की जे माणूस उरलं होतं ते पडू नये एवढंच मला हवं होतं.

डागाचा उलगडा शिंपीणकाकूंमुळे झाला. त्या समोरच राहतात आणि आईची त्यांच्याशी गट्टी होती. बाबांच्या कोटाचं अस्तर बदलून आणलं तेव्हा बाबा तो अंगावर घालून बघत असताना काकूंना तो डाग दिसला. बाबा दुकानात परत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, भाऊजी अजून ते गरम औषध घेतात का? मी म्हटलं, कुठलंच घेत नाहीत. मग त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी बाबांची बाटली म्हणजे आलं, लवंग आणि हळकुंड, सांधे धरायचे म्हणून. गोळी सुरू झाली तेव्हा आईने कुठेतरी वाचलं, डॉक्टरांनाही विचारलं, आणि त्याच दिवशी ती बाटली बंद केली. ह्या तिन्ही गोष्टींचा कडक अर्क आणि ती गोळी एकत्र नकोत. तेव्हापासून बाबांना नुसता पुदिना आणि संत्र्याची साल.

“मग जुनं ओतून नाही टाकलं?” मी विचारलं.

“वहिनी कधी काही ओतायच्या का? म्हणाल्या, असू दे, माझ्या गुडघ्याला चोळायला होईल. मागे सारून ठेवलंन.”

माणूस तोच, म्हणून बाटलीवरचं नावही तेच राहिलं. बदललं ते फक्त आईच्या डोक्यात, आणि ते डोकं आता नव्हतं.

काकू गेल्यावर मी कपाटासमोर खाली बसले आणि पुढची रांग एकेक करून जमिनीवर काढली. मागच्या रांगेतल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या रिकाम्या होत्या. धुऊन, बूच लावून, पहिल्यासारख्या ओळीत उभ्या. दोनच भरलेल्या उरल्या होत्या. पुढच्यातली एक उघडली, पुदिना. मागच्यातली एक उघडली, आणि घरभर आईच्या हातांचा वास सुटला. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आत नाकात शिरायचा तोच. मी बूच घट्ट लावलं आणि पुढची रांग परत जागेवर लावली.

डॉक्टरीणबाईंना मी लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, तेच कारण आहे असं शपथेवर सांगणार नाही, पण ते आजच्या आज बंद. त्यांच्याशी बोलणं सोपं होतं. बाबांशी बोलायचं म्हणजे, तुम्ही आईचं उरलेलं पिऊन संपवताय, हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं. ते मला जमेना. म्हणून बोलायच्या ऐवजी मी त्या दोन बाटल्या लोखंडी कपाटात ठेवल्या आणि बसथांब्याजवळच्या मोठ्या दुकानातून एक कुलूप आणून लावलं. बाबांच्या दुकानातून कुलूप घेणं शक्य नव्हतं.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, मी तर अख्खा जामदारखानाच त्यांच्या हाती दिला होता. कुलूपवाल्यापासून बाटली कुलपात ठेवायची, आणि वर निश्चिंत झोपायचं, हे शहाणपण माझ्यासारख्या पुस्तकं वाचलेल्या बाईलाच सुचू शकतं. बाबा कुलपाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मीही नाही. दोघांची अळीमिळी गुपचिळी.

पुढची तपासणी झाली. आकडा आणखी वर गेला होता. पुढच्या खेपेला हेच असेल तर दाखल करून घेईन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाबांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या फुप्फुसांकडे बघत मान डोलावली. घरी आल्या-आल्या मी लोखंडी कपाट बघितलं. कुलूप जागच्या जागी, बंद, एक ओरखडाही नाही. आत एक बाटली रिकामी, धुतलेली. दुसरी अर्धी.

मी तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावरची कुलुपं उचलून खाली ठेवली आणि बसले. बाबांनी माझ्या हातातली अर्धी बाटली पाहिली.

“कुलूप कुठून घेतलंस?” त्यांनी विचारलं.

मी दुकान सांगितलं.

“फार हलकं आहे गं. आतले खटके पितळेचे नाहीत, नुसता मुलामा आहे. मला म्हणाली असतीस तर चांगलं दिलं असतं.”

“तेही तुम्ही उघडलंच असतंत.”

“उघडलं असतं,” ते म्हणाले. “वेळ लागला असता.”

मला हसू आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही. मी त्यांना विचारलं, ही जुनी बाटली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का? ते म्हणाले, न ठाऊक असायला काय झालं, कापड पिळायला तिला माझेच हात लागायचे. हळदीने बोटं पिवळी व्हायची, गिऱ्हाइकं विचारायची, घरात कुणाचं लग्न आहे का. पुदिना तो पुदिना आणि हे ते हे. आणि पुढची रांग? पुढच्या रांगेचं नाव काढताच ते यंत्रावरचा कीस फडक्याने गोळा करू लागले.

मग त्यांनी सांगितलं. ते पुदिन्याचं प्रकरण त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. दात घासून त्याच तोंडाने चूळ गिळल्यासारखं वाटे. पण आईने त्यांच्यासाठी मुद्दाम बदललेलं, तिला नको कसं म्हणायचं? म्हणून ते पेला घेऊन दुकानात यायचे आणि खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. ते झाड वाळलं. आईने दुसरं आणलं, तेही वाळलं. ह्या खिडकीतलं ऊन झाडांना मानवत नाही असं ठरवून तिने तिसरं सावलीतलं आणलं. त्याचाही तोच शेवट झाला. प्रत्येक वेळी ती मेलेल्या झाडाची मुळं बोटांनी चाचपून बघायची आणि म्हणायची, काही समजत नाही बाई.

“तिला शेवटपर्यंत समजलं नाही,” बाबा म्हणाले. “मी सांगणार होतो. हसली असती. मग राहूनच गेलं.”

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. बाबांनी कीस डब्यात झटकला आणि फडकं खांद्यावर टाकलं.

तुझी आई गेल्यावर एकदा पुढची बाटली उघडली, ते पुढे म्हणाले. तिच्या हातचं घ्यावं म्हणून. घेववेना. मागची घेतली तर घशातून उतरताना बरं वाटलं. आधी सकाळीच घ्यायचो. मग संध्याकाळीही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांच्याशी सरळ बोलले, ठरवून, आवाज न चढवता. “बाबा, हे संपेल. तुम्ही घ्या, मी कुलूप काढते, हे आठवड्याभरात संपेल. पण त्याच्या आधी तुम्ही संपलात, तर ‘ह्यांचं’ लिहिलेली बाटली त्या कपाटात उरेल. ती मी कुणाला देऊ?”

एवढ्यात एक बाई दाराच्या किल्लीची दुसरी प्रत करून घ्यायला आल्या. बाबांनी किल्ली घेतली, तशीच कोरी भिंतीवरच्या आकड्यावरून काढली, दोन्ही शेजारी-शेजारी आवळल्या आणि यंत्र सुरू केलं. त्या आवाजात बोलता येत नाही. मी बाटली मांडीवर धरून बसून राहिले. बाई गेल्यावर त्यांनी यंत्र पुसलं, हात पुसले, आणि आपल्याला डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट विचारायची आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना उघडायच्या आधीच दारात होतो. बाबांचा प्रश्न तयार होता. बाटलीने रक्त पातळ होतंय ना, मग गोळी कमी करा आणि बाटली चालू ठेवा, हिशेब तोच. मला वाटलं, बाई चिडतील. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, चिठ्ठीवरचं आईचं अक्षर वाचलं.

“गोळीत काय आहे आणि किती, ते मला ठाऊक आहे. ह्या बाटलीतलं फक्त तुमच्या मिसेसना ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच हे तुमचं बंद केलं होतं. मी आज सांगतेय ते त्यांचं केव्हाच सांगून झालंय.”

आपण आईच्या हातचं घेतोय म्हणजे तिच्या बाजूला आहोत, असं बाबा धरून चालले असावेत. आपण तिच्या विरुद्ध वागतोय हे त्यांना दवाखान्याच्या त्या खुर्चीत कळलं. ते बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, “वास घेतला तर चालेल?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

“वास घ्या,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांनी लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं, किल्लीने, मला दाखवून, आणि ते दुकानातल्या मोडीच्या डब्यात टाकलं. अर्धी बाटली त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटात पुढच्या रांगेच्या शेजारी ठेवली. संध्याकाळी दुकान बंद करून आले की ते बूच काढत, उभ्या-उभ्या हुंगत आणि लगेच बंद करत. फार वेळ उघडी ठेवली तर उडून जाईल, म्हणत. एकदा त्यांनी ती माझ्यापुढेही धरली. पुदिन्याच्या बाटल्या मी वरच्या बाईंना दिल्या. त्यांना पुदिना आवडतो.

मी विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. रोज बाटलीची पातळी बघत होते, आणि मी बघते हे बाबांना कळत होतं. तपासणीचा आकडा एकदा थोडा उतरला, मग आणखी, मग जिथे असायला हवा तिथे आला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर आकडा सांगितला तेव्हा बाबा दुकानात होते, मी तिथेच जाऊन सांगितला. त्यांनी ठीक म्हटलं. थोडी निराशाही मला दिसली. बाटलीचा काही दोष नव्हता, असं निघालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर लवकरच एका दुपारी मी चहा घेऊन दुकानात गेले तर बाबा डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत आवळून बसले होते. कानस निसटली होती. समोर स्टुलावर एक माणूस अवघडून बसला होता आणि आपल्यालाच काही करावं लागेल की काय ह्या चिंतेत होता. मी कापूस आणला. बाबांनी अंगठा पुढे केला. कापलेलं बरंच होतं. मी कापूस ठेवून दाबून धरला, आणि मग तिघंही त्या अंगठ्याकडे बघत बसलो. चहावर साय धरली. कापूस लाल होत होत एका जागी आला आणि तिथेच थांबला. बाबांनी तो स्वतःच उचलून पाहिला. जखमेच्या कडेला रक्त आळलं होतं, नवं येत नव्हतं.

त्यांनी अंगठा उजेडात फिरवून मला दाखवला, पट्टी बांधून घेतली आणि त्या माणसाला म्हणाले, बसा पाच मिनिटं, किल्लीचे दोन दात घासायचे राहिलेत.